काकूंचे तीन दोरे

"दोरे काढलेच कशाला, एवढंच विचारतेय मी," काकू म्हणाल्या. हे त्या चौथ्यांदा विचारत होत्या आणि सून चौथ्यांदा सांगत होती की आई, दोरे काळे-चिकट झाले होते, म्हणून बाटल्या पुसून चिठ्ठ्या लावल्या. मुलगा दोघींकडे पाठ करून सायकलच्या एका चाकाचे आरे ताणत बसला होता. लग्नानंतरच्या दीड वर्षात हे काम तो फार मन लावून करायला शिकला होता.

बाटल्या तीन. एकीत डोंगरी सायकलच्या पुढच्या फोर्कचं तेल, दुसरीत काही ब्रेकांना चालणारं मिनरल ऑइल, तिसरीत दुसऱ्या जातीच्या ब्रेकांचं फ्लुइड, जे बाकावर सांडलं की रंग खाऊन टाकतं. तिन्ही फिकट पिवळी. काकू ती मोठ्या डब्यांतून एकसारख्या बाटल्यांत ओतून घेत आणि पांढरा, निळा, लाल दोरा बांधत. दोरा पाहिला तरी झाकण उघडून एकदा हुंगल्याशिवाय त्यांनी कधी सिरिंज भरली नव्हती.

लग्न होऊन त्या आल्या तेव्हा दुकानात पंक्चर आणि चेन यापलीकडे काही नव्हतं. पुढे तेलाचे फोर्क आले, तेलाचे ब्रेक आले आणि काकांचा धीर सुटला. ब्रेकच्या नळीतला शेवटचा बुडबुडा वर येईपर्यंत वाट बघणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. काकू बघत. चमच्याच्या दांडीने नळीवर टिचक्या मारत तासभर बसत. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, ब्रेक काकूंच्याच हातचा हवा. स्वयंपाकाचं कौतुक त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही, पण या वाक्यावर त्यांनी वीस वर्षं काढली.

सून आधी रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. सिरिंज तिच्या हातात अशी बसायची की काकूंना बघवत नसे. तासाचं काम ती पंचवीस मिनिटांत करी, वर बाकही पुसून ठेवी. तेही एक वेळ चाललं असतं. पण सोमवारी दातांचे डॉक्टर, काकूंचं बारा वर्षांचं गिऱ्हाईक, सायकल टेकवून म्हणाले, "पुढचा ब्रेक भरायचाय. घाई नाही. धाकट्या मॅडमना सवड झाली की करू द्या." काकू समोरच उभ्या होत्या. त्या हसल्या आणि आत जाऊन त्यांनी धुतलेली पातेली परत धुतली. आणि मंगळवारी या चिठ्ठ्या.

दुपारी सून बाजारात गेल्यावर काकूंनी तिन्ही बाटल्या ओल्या फडक्याने घासल्या. चिठ्ठ्या निघेनात तेव्हा नखाने खरवडल्या. इतक्यात काकांनी हाक मारली म्हणून बाहेर जाऊन आल्या. आल्यावर बघतात तर कुठली बाटली कुठली, काही कळेना. त्यांनी पहिली हुंगली. दुसरी. तिसरी. तिन्ही पाण्यासारख्या.

हिवाळ्यातल्या तापापासून हे असंच होतं. दूध करपलं तरी त्यांना कळत नसे. त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. रंगातल्या पुसटशा फरकावरून अंदाज बांधून त्यांनी नवे दोरे बांधले, फ्लुइडची म्हणून लाल दोऱ्याची बाटली उचलली आणि डॉक्टरांच्या सायकलचा पुढचा ब्रेक स्वतः भरला. कोणाच्या सवडीची वाट न बघता.

सकाळी सायकल देण्याआधी सुनेने लिव्हर दाबला. तो दबला आणि परत येईना. तिने नळीतला एक थेंब बशीतल्या पाण्यात टाकला. फ्लुइड असतं तर पाण्यात मिसळलं असतं. हा थेंब वर तरंगत राहिला. ब्रेकात तेल गेलं होतं आणि रात्रभरात आतली रबरं फुगून बसली होती. काका लालबुंद झाले. माणूस उतारावर असता म्हणजे? कोणी भरलं हे?

"मी," सून म्हणाली. "चिठ्ठ्यांच्या नादात गोंधळ झाला."

काका म्हणाले की आजपासून हिने बाकाला हात लावायचा नाही. मुलगा आरे ताणत राहिला. काकूंना हेच हवं होतं. बाक त्यांचा, सिरिंज त्यांची. घटकाभर त्यांना खरंच गार वाटलं.

सून बशी धुवायला मोरीवर आली तेव्हा काकू मागोमाग गेल्या. "खोटं का बोललीस?"

"दूध करपतं तेव्हा गॅस मीच बंद करते, आई. चिठ्ठ्या त्यासाठीच होत्या. मोठ्या अक्षरात."

म्हणजे हिला ठाऊक होतं. दया करून गप्प बसली होती, तीही इतक्या सफाईने. काकूंना ते जास्तच झोंबलं. पण बाहेर काकांनी दुसरी सायकल बाकावर चढवली होती, मास्तरांच्या मुलीची, दोन्ही ब्रेक रिकामे. ते हाका मारत होते, अगं ये, भर लवकर. बाटल्या तिथेच होत्या. लाल, निळा, पांढरा. पाठीमागून तपासायला आता कोणी नव्हतं.

काकू बाहेर आल्या, कात्रीने तिन्ही दोरे कापले आणि काकांच्या पुढ्यात टाकले.

"कालचा ब्रेक मी भरला. मला तापापासून वास येत नाही. ब्रेक आजपासून ही बघेल. फोर्क माझे, त्यांना हिने हात लावायचा नाही. आणि दूध कोणीतरी दुसऱ्याने तापवावं."