मुक्कामी गाडीची ओळ

बसआगाराच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत कंसमामा बसत. खालून डिझेलचा वास येई आणि एखादी गाडी मागे घेताना खिडकीच्या काचा थरथरत. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. प्रोग्राममध्ये उघडलेला प्रत्येक कंस बंद केला आहे की नाही, हे ते पोरांच्या खांद्यावरून वाकून बघत, म्हणून हे नाव पडलं. हाताखालच्या या भाच्यांशी त्यांचं वागणं बघता ते टिकलंही.

कोणत्या गाडीवर कोणता ड्रायव्हर, कोणाची पाळी कधी संपते, कोणाला कुठे विश्रांती, हे सगळं ठरवणारा प्रोग्राम त्यांनी उमेदीच्या वर्षांत लिहिला होता. अजून तोच चालत होता. वर्षअखेरीला ते निवृत्त होणार होते, आणि हे पोर कोणाच्या ओटीत घालायचं या एका काळजीने त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

तसे खोलीत चार तरुण होते. हुशार होते, चटपटीत होते, संध्याकाळ झाली की पिशवी उचलून घरी जात. मामांना तेही खुपे, कारण स्वतःच्या मुलांची लहानपणं त्यांनी याच खोलीत घालवली होती. पण खरं दुखणं वेगळं होतं. मामा कोड कागदावर छापून घेत, स्टीलची पट्टी ओळीखाली धरत आणि ओठ हलवत वाचत. पोरं तो मशीनला लिहायला सांगत आणि चिकटवून मोकळी होत.

"वाचलंस का?" मामा विचारत.

"चालतंय की, सर."

"चालतंय ते दिसतंय. का चालतंय?"

"ते... मशीनने लिहून दिलंय ना."

"मग पगारही मशीनलाच देऊ या. आणि तू ये नुसता डबा खायला."

पोरं हसत, मामाही हसत. हसण्यावारी नेलेलं एखाद्याच्या किती आत जातं, हे हसणाऱ्याला दिसत नाही.

चौघांत एक मुलगी होती. ती वाचायची. नुसती वाचायची नाही, तर अडली की उठून मामांच्या टेबलाशी येऊन उभी राहायची. ही बेरीज आधी का, ही वजाबाकी नंतर का? मामांनी तिचं नाव 'प्रश्नपेटी' ठेवलं होतं. ती येताना दिसली की ते मोठ्याने म्हणत, "चला, पेटी उघडली!" मनातून मात्र त्यांना बरं वाटे. प्रोग्राम हिलाच द्यायचा, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं.

"तिला सांगितलंत का कधी?" बायकोने एकदा भाजी निवडता निवडता विचारलं.

"सांगायचं काय त्यात? कळतं की माणसाला."

"अहो, कुठून कळणार? इतका संसार झाला, मला अजून कळत नाही स्वयंपाक आवडला की नाही ते."

"ताटात टाकतो का मी कधी?"

"हो, तेवढ्यावरच चाललंय आमचं," बायको म्हणाली.

उन्हाळ्यात एकदा ती मुलगी अशीच आली. प्रोग्रामच्या पोटात एक ओळ होती आणि तिच्या डोक्यावर मामांचा जुना शेरा: 'याला हात लावू नये.' 

"सर, ही ओळ कशासाठी आहे? काढली तरी काही बदलत नाही."

त्या दिवशी मामांचं आधीच बिनसलं होतं. मॅनेजरने, म्हणजे त्यांच्या मुलीपेक्षाही लहान असलेल्या बाईंनी, सकाळीच सांगितलं होतं, "सर, तुम्ही वाचत बसता आणि काम आठवडाभर अडून राहतं. यापुढे तपासणी मशीनच करेल." मामा "करा काय करायचं ते" म्हणून तणतणत बाहेर आले होते. तो राग या पोरीवर निघाला.

"पाटी वाचता येते ना?" ते साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले. "हात लावू नये म्हटलं की लावू नये. विजेच्या खांबालाही 'का' म्हणून विचारतेस की काय?"

खोली हसली. मुलगीही थोडं हसली, "बरं, सर" म्हणाली आणि जागेवर गेली. त्यानंतर पेटी उघडली नाही. मामांना वाटलं, पोरगी तयार झाली.

पुढे जुन्या प्रोग्रामची साफसफाई करायचं काम तिच्याकडे आलं. मामांनी फुगून त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग नवीन वेळापत्रक लागलं, आणि दुसऱ्याच सकाळी आगाराचा कंट्रोलर धापा टाकत वर आला.

"मामा, सकाळची गाडी इथं उभी आणि ड्रायव्हर तिकडे शेवटच्या गावात! खाली लोक माझ्या अंगावर येतायत."

तेवढ्यात त्याच्या हातातला फोन वाजला. पलीकडे तोच ड्रायव्हर होता, आणि त्याचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू येत होता. "साहेब, तुमच्या कागदाप्रमाणे मी आत्ता तिथं गाडी चालवतोय. मग इथं पारावर बसून चहा पितोय तो कोण, तेवढं विचारून सांगा."

मामांना कारण तिथल्या तिथे कळलं. मुक्कामी गाडी! ती संध्याकाळी निघून शेवटच्या गावी जाते, ड्रायव्हर तिथेच झोपतो आणि सकाळी तीच गाडी घेऊन परततो. तारीख बदलली तरी हा माणूस गावाकडेच आहे, हे प्रोग्रामला सांगणारी ती एकच ओळ होती. मध्ये मुक्कामी गाड्या बंद होत्या, म्हणून ओळ निकामी वाटत होती. नव्या वेळापत्रकात त्या पुन्हा सुरू झाल्या, आणि ओळ मात्र साफसफाईत निघून गेली होती.

दुपारपर्यंत त्यांनी ओळ परत बसवली, नवे कागद खाली पाठवले. मग ते खुर्ची वळवून सगळ्यांसमोर म्हणाले, "वर लिहिलं होतं ते दिसलं नाही?"

आतल्या आत त्यांना थोडा आनंदही होत होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मुलगी उभी राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "दिसलं होतं, सर. हात लावू नये एवढंच लिहिलं होतं. का, ते नव्हतं. मी विचारायला आले होते. चूक माझीच आहे, पुन्हा विचारायला हवं होतं."

या वेळी खोलीत कोणी हसलं नाही. मामांनी पट्टी उचलली आणि परत खाली ठेवली.

त्यांना त्यांच्या बाई आठवल्या. या खोलीत त्यांना काम शिकवणाऱ्या. मामा पोरसवदा असताना काय वाटेल ते विचारत, आणि बाई उत्तर देण्याआधी शेजारची खुर्ची ओढून एवढंच म्हणत, "बस." काम कसं करावं याचे त्यांचे सारे नियम मामांनी इतकी वर्षं जपले होते. कंस बंद करणं, पट्टी धरून वाचणं, कशातही सवलत नाही. तेवढी ती खुर्ची राहून गेली होती. ती अजून त्यांच्या टेबलाशेजारीच होती, छापील कागदांच्या ढिगाखाली.

मॅनेजरबाईंकडे ते स्वतःहून गेले. "तिला काही बोलू नका. शेरा माझा होता, अर्धवट होता." आणि मग चाचरत, "माझ्यानंतर प्रोग्राम तिलाच द्या."

मॅनेजरबाईंनी टेबलावरचा एक कागद पुढे सरकवला. "सर, तिने दुसऱ्या विभागात बदली मागितलीय. आजच्यामुळे नाही. अर्ज उन्हाळ्यातला आहे. मंजुरी आत्ता आली एवढंच."

दुसऱ्या दिवशी मामांनी खुर्चीवरचे कागद उचलून जमिनीवर ठेवले, खुर्ची पुसली आणि मुलीला हाक मारली. या वेळी टोपणनावाने नाही.

"बस," ते म्हणाले.

ती बसली. मामांनी मुक्कामी गाडीची सारी हकीकत सांगितली, तिच्यासमोर ओळीच्या वर कारण नीट लिहून काढलं. मग प्रोग्रामच्या आणखी अवघड जागा एकेक करून दाखवल्या. कोणालाच कधी न सांगितलेल्या. ती मन लावून ऐकत होती, मान हलवत होती.

"काही विचारायचंय?"

"नाही, सर. स्पष्ट आहे सगळं."

"विचार की. वेड्यासारखं असलं तरी चालेल."

"नाही, सर. खरंच." ती छान हसली. परक्याशी हसतो तसं.

खाली एक गाडी मागे येत होती, काचा थरथरत होत्या. मुलगी उठली. वळणाची पोर होती. जाण्याआधी वाकून तिने जमिनीवरचे कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि पूर्वीसारखे खुर्चीवर नीट रचून ठेवले.