पडदा पुसून बघा

एल्वियो झानाब्रिया चिडका आहे, असं रोसारियो शहरातल्या आमच्या ऑफिसात सगळेच म्हणतात. मीही म्हणायचे. आता म्हणत नाही. तो चिडतो तेव्हा खरं तर सगळ्यांनीच चिडायला हवं असतं, पण आम्ही मख्ख.

लोकांचे म्हातारे लिनक्स संगणक मोडीत काढायचे आणि त्यांच्यातलं सगळं एका मोठ्या यंत्राच्या पोटात आभासी संगणक म्हणून हलवायचं, हे आमचं काम. हलवताना प्रत्येकाला पडद्यावर चित्र उमटवणारा डिस्प्ले ड्रायव्हर द्यावा लागतो. गिऱ्हाईक काही बोललं नाही तर कुठला द्यायचा, ते आम्हीच ठरवतो.

एल्वियो म्हणाला, "जुन्यांना जुना, साधाच द्या. चित्र भिकार दिसेल, पण दिसेल तरी."

आमचा साहेब फाब्रिसियो हसला. "तू म्युझियम काढ बाबा. सगळ्यांना नवाच!"

तपासणी आमच्या पद्धतीनं झाली. आम्ही कुणी त्या यंत्रांच्या पडद्याकडे बघतच नाही. लांबून अक्षरं टंकायची, उत्तर आलं की यंत्र ठणठणीत. पडद्याचा निर्णय पडदा न बघता घेतला, इतके आम्ही शहाणे!

सान्ता एउलालिया गावात नेलिदा बेर्तोलोत्ती पडद्यावर टाकीतलं पाणी बघून नगरपालिकेचा पंप चालवते. तिचा संगणक आम्ही नवा ड्रायव्हर देऊन हलवला आणि तिच्यापुढचा पडदा काळा पडला. तिनं लगेच फोन केला.

"बाई, यंत्र मस्त चालू आहे," फाब्रिसियो म्हणाला. "मला इथून उत्तर देतंय."

"तुम्हाला देत असेल हो! मला नुसतं काळं दिसतंय. टाकीत पाणी किती, ते काय वास घेऊन सांगू?"

"पडदा पुसून बघा," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मी शेजारीच होते, मान खाली घालून टंकत राहिले.

संध्याकाळपर्यंत टाकी कोरडी पडून पंप जळला. गावाचं पाणी बंद. नगरपालिकेनं विचारलं तेव्हा फाब्रिसियोनं बेधडक सांगितलं, "यंत्रात दोष नाही." झालं! खापर नेलिदाच्या डोक्यावर फुटलं आणि तिला नोकरीवरून काढायची तयारी सुरू झाली.

हे कळलं तसा एल्वियो थर्मास टेबलावर आपटून उठला. तडक फाब्रिसियोच्या टेबलापाशी गेला, त्याच्या पडद्याची वायर उपटली आणि खिशात घातली.

"अरे! काय चाललंय?"

"काही नाही. संगणक चालू आहे, पंखा ऐकू येतोय. कर काम."

"डोकं फिरलंय का तुझं? मला काहीच दिसत नाहीये!"

"पुसून बघ."

कुणीही हसलं नाही. एल्वियोनं फोन फाब्रिसियोपुढे सरकवला. "तीही हेच सांगत होती. लाव नगरपालिकेला आणि चूक कुणाची ते बोल."

फाब्रिसियोनं आमच्याकडे बघितलं. या वेळी मीही मान खाली घातली नाही. त्यानं नंबर लावला. बोलणं पूर्ण होईपर्यंत वायर एल्वियोच्या खिशातच होती.