चूल बंद, वसतिगृह चालू

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुप्याला एका लग्नाच्या मांडवात माईक हातात धरून उभा होतो. लाऊडस्पीकर लावणं आणि त्यावर स्वतःच बोलणं हा माझा पोटापाण्याचा धंदा; त्यावरूनच मावशी मला भोंग्या म्हणायची. नवरदेवाची गाडी कुठेतरी अडकली होती आणि मी वऱ्हाडाला किश्श्यांवर खेळवत ठेवलं होतं. फोन एका कानाला, माईक तोंडाशी तसाच. "कधी?" असं मी विचारलं ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं, आणि नवरीच्या मामांनी खालून ओरडून मुहूर्ताची वेळ सांगितली... मावशीला हे सांगता आलं असतं, तर पदर तोंडाला लावून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली असती.

इंदूमावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण. जामखेडच्या पुढे, आमच्या गावात ती ऊसतोड कामगारांच्या मुलांचं हंगामी वसतिगृह चालवायची. दिवाळी झाली की आमच्याकडच्या टोळ्या कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात. मुलांना मागे कुणी सांभाळणारं नसेल, तर तीही ट्रकमध्ये चढतात आणि शाळेत त्यांचं फक्त नाव उरतं. ती मागे राहावीत म्हणून हे वसतिगृह. शाळेमागच्या दोन खोल्या, एक पत्र्याचं स्वयंपाकघर आणि सरकारी अनुदान. मग एका वर्षी, ट्रक गावात येऊन उभे राहिले असताना, निरोप आला की यंदा मंजुरी नाही. आया पोरांना कडेवर घेऊन दारात उभ्या. "मावशी, पोरं ठिवू का नेऊ?"

"ठिवा," मावशी म्हणाली.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "मावशे, खायला काय घालणार यांना?"

"तुझं डोस्कं. अरं भोंग्या, तू कशाला हाईस? काढ तुझी स्पीकरची रिक्षा."

आमच्या भागात चूलबंद आवतण म्हणून एक रीत आहे. ज्या घराला असं आवतण येतं, त्या घरातल्या सगळ्यांनी जेवायला जायचं, आणि त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही. आवतण देणारा देतो, घेणारा गप्प घेतो. पण आवतण मागणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मावशीने ते भोंग्यावरून मागितलं! रिक्षात माझ्या शेजारी बसून ती मला शब्द सांगत होती. "वसतिगृहाची चूल उद्यापासून बंद हाय. ज्याला आवतण द्यायचं त्यानं खुशाल द्यावं." मला राहवेना. मी आपलं जोडलं, "तरी दानशूर ग्रामस्थांनी मदतीचा हात..." तेवढ्यात पाठीत धपाटा बसला, तोही स्पीकरवरून गावभर ऐकू गेला. "मदत म्हनू नगंस! मदत आज येती, उद्या आटती. आवतण फेडावं लागतंय. ज्याची फेड हाय, ते टिकतंय."

आम्ही घरी पोचलो तर दारात पारूबाई उभी. वरच्या आळीची, सुनांना धाकात ठेवणारी कजाग म्हातारी. "किती हायेत गं पोरं?" "सगळी," मावशी म्हणाली. पारूबाई घराकडे वळली. "या मग." बघता बघता आळ्यांच्या पाळ्या लागल्या. आणि फेड म्हणाल तर जेवण झालं की पोरं त्या घरातल्या म्हाताऱ्यांपाशी बसायची. गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचून दाखवायची, पुण्याला असलेल्या लेकाला व्हिडिओ कॉल लावून द्यायची, धाकट्यांचा अभ्यास घ्यायची. ज्या घरात पोरं जेवून गेली, त्या घरचे लोक दुसऱ्या दिवशी शाळेत चौकशीला. "आमची पोरं आली का?" आमची! मावशी माझ्याकडे बघून डोळा मारायची.

मग एक साहेब तपासणीला आले, नेमके जेवणाच्या वेळी. खोल्यांत कुणी नाही, स्वयंपाकघरात गार चुलीत मांजर झोपलेलं. साहेबांनी फोन लावला, "हो सर, बंद पडलंय." मागून मावशी गरजली, "साहेब, चूल बंद हाय, वसतिगृह न्हाई! तुमी जेवलात का?" साहेब नाही म्हणेपर्यंत ती त्यांना बखोटीला धरून तेल्याच्या आळीत घेऊन गेली. अंगणात पोरांची पंगत बसलेली. साहेबांनी बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी दोनदा मागून घेतली. अनुदान काही आलं नाही. साहेबांची बदली तेवढी झाली.

सगळंच असं हसण्यावारी गेलं नाही. एका मोठ्या घरी पोरं जेवायला गेली, तर काही पोरांना ओसरीवर आणि काहींना खाली गोठ्याच्या बाजूला बसवलं होतं. का, ते सांगायची गरज नाही. मावशी वाढलेल्या ताटांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "उठा रं पोरांनो." घरधनी हात जोडून सारवासारव करायला लागले. तिचा आवाज चढला नाही. "पाटील, चूलबंद आवतण सगळ्या घराला आसतंय. निम्म्या घराला न्हाई." पोरं उपाशी उठली. त्या दिवशी मावशीने वसतिगृहाची चूल पेटवून पिठलं टाकलं. पुढे कितीतरी दिवस त्या घराकडे तिने पाहिलंही नाही. शेवटी त्या घरची थोरली सून आली आणि म्हणाली, "मावशी, सगळी एका वळीत बसतील. मी सोता वाढीन." मावशी म्हणाली, "तुजी सासू?" सून म्हणाली, "त्या न्हाई जेवल्या तर न्हाई जेवल्या." आणि दोघी हसल्या.

हे ऐकून पारनेरकडच्या एका संस्थेच्या बायका तिच्याकडे आल्या. एकट्या म्हाताऱ्यांसाठी त्यांचं दिवसाचं केंद्र होतं, त्याचंही अनुदान थांबलेलं. त्या म्हणाल्या, आम्ही निवेदनं दिली, मोर्चा काढला. "काढा की," मावशी म्हणाली. "मोर्चाला मी बी येते, ह्यो भोंग्या बी येतोय फुकटात. हक्काचं सोडू नगा. पन तोवर गावाला तुमच्याबिगर करमलं न्हाई पायजे, आसं काय हाय तुमच्याजवळ?" आज तिकडच्या लग्नांत भाजी निवडायला आणि आचाऱ्याला शिव्या द्यायला केंद्रातले म्हातारे लागतातच. तिथेही भोंगा माझाच असतो, मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात वसतिगृहाच्या अंगणात शोकसभा झाली. माईक अर्थातच माझा. हंगाम चालू, खोल्यांत पोरं, आणि सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न, आता पोरांचं काय; त्यावर एक पुढारी बोलले. "मावशी म्हणजेच वसतिगृह होतं. आता मंजुरी येईपर्यंत मुलांना आईबापांकडे सन्मानाने पोचवू या..." मी यादीतलं पुढचं नाव शोधायला लागलो.

"पोचवा की," पारूबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "पन उद्या न्हाई जमायचं. उद्या पोरं आमच्याकडं जेवायला हायेत."

"उद्या?" तेल्याच्या आळीतली एक बाई ताडकन उठली. "उद्या आमची पाळी हाय. तुमची परवा!"

"अगं, मी तांदूळ निवडून ठिवलाय!"

"मंग खीर करा परवा!"

मोठ्या घरची थोरली सून मधे पडली, तिला दोघींनी मिळून गप्प केलं. पुढारी "शांत व्हा, शांत व्हा" म्हणत राहिले आणि त्यांना कुणीतरी विचारलं, "दादा, तुमच्याकडं कधी पाठवू?" मी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती केली. भोंगा पूर्ण वाढवून पुन्हा केली. कुणी ऐकेल तर शपथ.

मावशे, श्रद्धांजलीची ती दोन मिनिटं अजून बाकी आहेत. गावाला सवड मिळाली की उभे राहू.