दिन्या, गुडघ्यातून!

आमच्या राहनाळच्या गोदामात माल कमी आणि किस्से जास्त. माल निदान गाडीत भरून जातो तरी. किस्से कुठे जाणार? त्यांची एकावर एक थप्पी लागते, आणि चहाच्या वेळी कोणीतरी मधलाच एक ओढून काढतो. यातले निम्मे माझ्या मूर्खपणाचे आहेत आणि उरलेले माझ्या दादाच्या हुशारीचे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ काशिनाथ, आमच्या टोळीचा मुकादम. दीड महिन्यापूर्वी त्याला ताप आला आणि पाचव्या दिवशी तो गेला.

हे आधीच सांगून टाकलं. मधेच सांगायला मला जमणार नाही.

आमच्यात एक पद्धत आहे. जड वस्तू उचलताना एक जण हाक देतो, आणि हाक देणारा स्वतः उचलत नाही. हात मोकळे, नजर सगळ्यांवर. हाक आली की सगळे एकदम उचलतात. हाकेशिवाय कोणी बोटही हलवत नाही. आमच्या टोळीत हाक दादाची. "दिन्या, गुडघ्यातून! एक, दोन, हो!" दिन्या म्हणजे मी. मी कमरेतून वाकतो, म्हणून आठ वर्षं प्रत्येक हाकेची सुरुवात माझ्या उद्धाराने!

आता सुपरवायझर पाटकरसाहेब म्हणतात, "सोमवारपर्यंत ठरवा हाक कोण देणार ते. नाहीतर तुम्हा तिघांना तीन गोदामांत टाकतील." आमच्यातले दोघे, शकीलभाई आणि बुधा, माझ्याकडे बघतात. मी म्हणतो, "मला नाही येत." शकीलभाई म्हणतात, "झूठ मत बोल. तूने एक बार दी है."

दिली आहे. ते शेवटी सांगतो.

* * *

माझा पहिला दिवस. सहावीत शाळा सोडलेली, अंगात मस्ती. तेलाचे ड्रम टेम्पोत चढवायचे होते. दादा कुठेतरी फळी शोधायला गेला. मी म्हटलं, फळी कशाला? ड्रम छातीशी धरला आणि उचलला. टेम्पोच्या कडेपर्यंत नेला. पण पुढे वर जाईना, खाली ठेवता येईना. तसाच उभा, तोंड लाल!

दादा आला. त्याने मला पाहिलं. शांतपणे टेम्पोला फळी लावली आणि दुसरा ड्रम लोळवत वर नेला. मग तिसरा. मग चौथा. एक हात ड्रमवर, दुसऱ्या हाताने कान खाजवतोय.

पाचव्याला माझ्याजवळ थांबला. म्हणाला, "दिन्या, खाली ठेव आता. ड्रम दमला असेल."

* * *

एकदा जुना लूम, म्हणजे कापड विणायचा यंत्रमाग, हलवायचा होता. लोखंडी धूड, जमिनीला चिकटून बसलेलं. मी पहार खाली घातली, लाकडी ठोकळ्याचा टेकू दिला आणि अख्खं वजन टाकलं. लूम हलला नाही. मी पहारीवर उभा राहिलो. तरी नाही. मग मी लुमाला शिव्या दिल्या. त्यांनीही काही झालं नाही.

दादाने पायानेच ठोकळा सरकवला. माझ्या हाताजवळ होता, तो लुमाच्या अगदी जवळ नेला. मग केबिनकडे बघून हाक मारली, "साहेब, पेन खिशात ठेवा आणि जरा इकडे या."

पाटकरसाहेबांनी जन्मात फाईलपेक्षा जड काही उचललेलं नव्हतं. त्यांनी घाबरत पहारीवर दोन्ही हात ठेवले, दाबलं, आणि लूम उठला! साहेबांनी स्वतःच्या दंडाकडे बघितलं. पुढचा आठवडाभर रोज सकाळी केबिनच्या खिडकीतून विचारायचे, "काशिनाथ, आज काही उचलायचंय का?"

* * *

बुधा डोंगरातल्या पाड्यावरचा. दिवसभरात चार शब्द बोलतो, त्यातले दोन "हाय" आणि "न्हाय". सुताची पोती माळ्यावर ओढताना त्याचे हात सोलले, म्हणून दादाने एक जास्तीची कप्पी आणली. एक वर टांगली, एक पोत्याला लावली, दोर दोन्हींतून फिरवला. म्हणाला, "बुधा, खेच. निम्मं वजन लागेल."

बुधाने खेचलं. पोतं अलगद वर गेलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. बुधा मात्र पायाशी पडलेला दोर बघत उभा. मग वर पोत्याकडे बघितलं. मग परत दोराकडे.

"मुकादम, वजन अर्धा झाला हाय. पन दोर दुप्पट खेचला ना मी?"

दादा खूश! म्हणाला, "हे गुरुजींना आम्हाला समजवायला आठवडा लागला होता!" तो आठवडा माझ्याही शाळेत आला असणार. मी गेलो नव्हतो.

* * *

मग गोदामात माल उचलणारी गाडी, फोर्कलिफ्ट आली. नवीकोरी, पिवळी. साहेबांनी हार घातला, नारळ फोडला. शकीलभाई अगोदर वीस वर्षं लूमवर होते, मशीन आली की माणसाचं काय होतं ते त्यांनी पाहिलेलं. ते म्हणाले, "काशीभाऊ, अब हम घर जाएँ?"

नारळाचं पाणी वाळायच्या आत फोर्कलिफ्ट गेटातच बंद पडली. चाकं जाम. मागे सहा गाड्या, सगळ्यांचे हॉर्न! मी लगेच खांदा लावला. दादा म्हणाला, "तुझा खांदा राखून ठेव, लग्नाला लागेल." त्याने जॅक लावून एकेक बाजू उचलली, खाली लोखंडी पाईप घातले आणि हाक दिली. फोर्कलिफ्ट पाईपांवरून लोळत अशी बाजूला गेली, जशी नवरी मांडवात!

शकीलभाई घाम पुसत म्हणाले, "वाह! ये हमारा बोझ उठाने आई थी!"

* * *

हा मुकादम घरी कसा होता, तेही ऐका. अंजूरला आमच्या घरी लोणच्याची बरणी उघडत नव्हती. दादाने फडक्याने पिळून बघितली, दोन गुडघ्यांत धरून बघितली. दात खाऊन बघितले. टनाटनाचा माल हलवणारा माणूस, झाकणापुढे घामाघूम!

वहिनीने हातातून बरणी घेतली. चमच्याची दांडी झाकणाखाली घातली, जरा दाबली. फट्!

"मुकादम," वहिनी म्हणाली, "टेकू बघत जा."

चमचा तेवढा वाकडा झाला. परवा मी तो ठोकून सरळ करायला घेतला, तर वहिनी केवढ्यांदा ओरडली माझ्यावर! हातातून चमचा घेऊन गेली. मीही दुपारी जेवलो नाही. संध्याकाळी तिने त्याच चमच्याने मला भात वाढला.

* * *

आता शेवटचा.

दादाला अंगणात ठेवलं होतं. तिरडी बांधून झाली. सगळं गाव जमलेलं. बाबांना उभं राहता येत नव्हतं, म्हणून आगीचं मडकं माझ्या हातात दिलं. मी सगळ्यांच्या पुढे. मला खांदा द्यायचा होता, मी भांडलोही. मामा म्हणाले, "मडकं धरणाऱ्याने उचलायचं नसतं, दिनू."

पुढे डाव्या बाजूला शकीलभाई, उजवीकडे बुधा. मागे एक चुलतभाऊ आणि पाटकरसाहेब. मामांनी सांगितलं, "उचला."

चौघे वाकले. त्यांनी बांबू धरले.

मी पाठमोरा उभा. आता पावलं वाजतील म्हणून वाट बघतोय. काही नाही. मामा पुन्हा म्हणाले, "अरे उचला ना!" तरी काही नाही. बायकांचं रडणंही थांबलं. मी वळून बघितलं.

शकीलभाई वाकलेले, दोन्ही हात बांबूवर, मान खाली. बुधा तसाच. पाटकरसाहेबही तसेच. आठ वर्षं त्यांनी केबिनच्या खिडकीतून ती हाक ऐकलेली. कोणी बोटही हलवत नव्हतं. चुलतभाऊ बिचारा एकेकाच्या तोंडाकडे बघत होता.

बुधाने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

माझे हात मोकळे नव्हते. पण नजर सगळ्यांवर होती.

मी ओरडलो, "दिन्या, गुडघ्यातून!"

चौघांचे गुडघे वाकले. पाटकरसाहेबांचेसुद्धा.

"एक! दोन! हो!"