चाबकाची खुंटी

तारिहाकडच्या आमच्या गावांत खुंटीसाठी कुणी लाकूड वाया घालवत नाही. कच्च्या विटांची भिंत ओली असतानाच तिच्यात बैलाचं शिंग रोवायचं, नाहीतर घळीत सापडलेलं एखादं जुनं हाड. घळीत हाडांना तोटा नाही. पाऊस झाला की दरड ढासळते आणि कुणाकुणाच्या बरगड्या वर येतात. सातुर्निनाच्या नवऱ्याने, कासियानोने, घर बांधताना असंच एक लांब, पोकळ हाड चुलीमागच्या भिंतीत रोवलं आणि त्याला आपला चाबूक अडकवला.

चाबूक बैलांसाठी आहे, असं कासियानो सांगायचा. बैलांच्या वाट्याला तो फारसा आला नाही.

रांधताना सातुर्निनाची पाठ खुंटीकडे असे. हाडावरून चामडं सरकल्याचा बारीक आवाज तिला रटरटत्या मक्याच्या आवाजातही ऐकू येई. दाराकडे जायचं तर त्या खुंटीखालूनच. दोनदा ती माहेरी पळाली आणि दोन्ही वेळा आईनेच परत आणून सोडलं. "पोरी, भिंतीवर डोकं आपटून डोकंच फुटतं," म्हातारी म्हणाली. त्या म्हातारीचा मला अजून राग येतो.

कासियानो मेला. नवव्या दिवशी रीतीप्रमाणे त्याचे कपडे नदीवर धुतले, जुने जाळले. त्याच आगीत सातुर्निनाने चाबूक टाकला. मग धाकट्या दिराला, फर्मीनला, म्हणाली, "ही भिंत पाड. दार इकडून काढ, नदीच्या बाजूला."

"धडधाकट भिंत पाडायची? डोकं फिरलं काय वहिनी?"

"फिरलं असतं तर तुझा भाऊ असतानाच पाडली असती."

फर्मीन पहार घेऊन आला त्याच सकाळी लिदिया सातुर्निनाकडचं चीज विकत घ्यायला दारात आली. शहरातल्या संग्रहालयाची ही बाई घळीत हाडं शोधत असे. खुंटी दिसली आणि ती ओरडलीच, "मावशी, थांबा! हे कोंडोर गिधाडाच्या पंखाचं हाड आहे. आत्ता डोंगरावर फिरतात त्यांचं नाही. ही जात केव्हाच संपली, नुसत्या हाडांवरून माहीत आहे. इतकं अख्खं हाड आम्हाला कधी मिळालं नाही."

"मग ने की उपटून. माझी पीडा टळेल."

"उपटलं तर तुटेल. वरून परवानगी आली की आजूबाजूची माती खरवडून अलगद सोडवू. तोवर धक्का लावायचा नाही. कायदाच आहे तसा."

परवानगी काही येईना. गावाला मात्र आयती करमणूक झाली. शाळेची पोरं बघून गेली, पाद्री बघून गेला. "आधी नवऱ्याची कैद, आता पाखराची!" म्हणून फर्मीन हसला. सातुर्निनाला हसू आलं नाही. चूल तीच, पाठ खुंटीकडे, आणि छपरावर फांदी घासली तरी तिचे खांदे आपोआप आक्रसत. तिने खुंटीवर फडकं टाकून पाहिलं, तर कुणी तिथं उभं असल्यासारखं वाटायला लागलं. एका दुपारी तिने दोन्ही हातांनी हाड धरून ओढलं. ते किंचित हललं. तेवढ्यात लिदियाचा हुकूम आठवला आणि हात सुटले. हुकूम पाळायची सवय तिच्या अंगात मुरली होती, आणि त्याची तिला भयंकर लाज वाटली. मेलेला नवरा घरातून जात नव्हता, एवढं खरं.

द्राक्षांचा हंगाम गेला, पाऊस आला, पुन्हा द्राक्षं धरली. तेव्हा कुठे लिदिया परवानगी घेऊन आली. हाडाभोवतीची माती तिने हलक्या हाताने खरवडली, दिवसभर खपून ते सोडवलं आणि उजेडात फिरवून पाहिलं. वरच्या अंगाला एक खोलगट खाच होती, नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत.

"हे बघा मावशी, इथं कशानं तरी घासलंय. कुठल्या जनावराचं काम असेल?"

"जनावराचंच," सातुर्निना म्हणाली. "तीस वर्षं घासत होतं. गावच्या दफनभूमीत पुरलंय, वर क्रूसही आहे. लिहून घे, कासियानो."

लिदियाची नजर खाचेवरून सातुर्निनाच्या पाठीकडे गेली. तिने काही लिहून घेतलं नाही. हाड कापसात ठेवलं, कोपऱ्यातली फर्मीनची पहार उचलली आणि सातुर्निनाच्या हातात दिली.

"आता भिंत तुमची, मावशी."

फर्मीन पुढे झाला, "आण वहिनी, मी पाडतो."

"तू बाजूला हो," सातुर्निना म्हणाली आणि खुंटीच्या भोकावरच पहिला घाव घातला.