स्पिरिटचा बोळा

छत्तीसगढ वेगळं राज्य झालं त्या सुमारास मी रायपूरच्या एका लहान सरकारी दवाखान्यात नर्स होते. एका दुपारी पोलिसांनी तिशीतल्या एका ड्रायव्हरला आणलं. अभनपूरच्या रस्त्यावर त्याच्या जीपचा भाजीच्या ठेल्याला धक्का लागला होता. कोणाला इजा नव्हती, पण त्याच्या शर्टाला दारूचा वास येत होता. तो सांगत होता, मागे बसलेल्या साहेबांनी बाटली सांडली. ते साहेब दुसऱ्या गाडीनं केव्हाच निघून गेले होते.

डॉक्टरांनी कागदावर ‘दारूचा वास येतो’ एवढं लिहिलं. मी आयाबाईशी मराठीत बोलत होते, ते ऐकून तो माझ्याकडे वळला.

“ताई, वासावर नका जाऊ. माझं रक्त तपासा. मले सरकारी गाडीवर नोकरी लागून राहिली, फक्त पोलीस चौकशी बाकी आहे.”

स्वतःहून रक्त तपासा म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. मी सवयीप्रमाणे त्याच्या हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला, रक्त काढलं आणि शिशी सील केली. हात धुताना आठवलं. दारूच्या तपासणीला रक्त घेताना स्पिरिट लावायचं नसतं, नमुन्यात मिसळू शकतं. ट्रेनिंगमध्ये हे बजावून सांगितलं होतं.

गप्प राहिले असते तर कोणालाच कळलं नसतं. खोटं कशाला सांगू, दोन मिनिटं मी नळाखाली हात धरून तशीच उभी राहिले. माझी नवी नोकरी होती, ठपका बसला असता. मग जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ते वैतागले. एवढ्याशानं काही होत नाही, म्हणाले. पण मी हटले नाही. शेवटी दुसऱ्या हाताला नुसतं साबण-पाणी लावून पुन्हा रक्त घेतलं आणि झाली चूक मी रजिस्टरमध्ये लिहून सही केली.

दोन्ही नमुन्यांचे रिपोर्ट यायला महिने लागले. पहिल्या नमुन्यात थोडं अल्कोहोल निघालं, दुसऱ्यात अजिबात नाही. तोवर खटला उभा राहिला होता. कोर्टात सरकारी वकिलांनी हिंदीत विचारलं, म्हणजे चूक तुमचीच ना? मी हो म्हटलं. भर कोर्टात कान तापले, पण तो सुटला.

त्याची सरकारी गाडीवरची नोकरी मात्र तोपर्यंत दुसऱ्याला गेली होती.

पुढे वर्षभरानं तो दवाखान्यात आला. हातात दुसऱ्या एका भरतीचा अर्ज होता. आपल्यावर कधी फौजदारी खटला झाला होता का, असा त्यात रकाना होता.

“मी सुटलो ना ताई? मंग नाही लिहू?”

मी विचारात पडले. दोष नव्हता, पण खटला झाला होता, आणि रकाना दोषाबद्दल विचारत नव्हता. हो लिहा आणि निकालाची नक्कल जोडा, एवढंच मला सुचलं. त्यानं माझ्याच टेबलावर ‘हो’ लिहिलं.

त्या भरतीतही त्याला घेतलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही. माझा सल्ला चुकला का, हे मी अनेक दिवस स्वतःला विचारत होते. तिसऱ्या ठिकाणी एका अधिकाऱ्यानं निकाल पूर्ण वाचला आणि त्याला कामावर घेतलं. नंतर नवा रायपूर या नव्या राजधानीकडे जाणारी कर्मचाऱ्यांची बस तो चालवायचा. एकदा मी त्याच बसमध्ये चढले. त्यानं ओळखलं, पुढची जागा दिली, आणि पूर्ण रस्ताभर आम्ही त्याच्या पोट्टीच्या शाळेबद्दल बोललो.