रांगोळीच्या डब्यातलं कपाट

जी वस्तू घरी करता येते ती विकत आणायची नाही, हा आमच्या माहेरचा जुनाट रोग आहे, आणि बेंगळुरूला येऊनही तो मला सुटलेला नाही. म्हणून आईच्या खोलीतल्या कपाटाला लावायचा खडूचा रंग मी घरीच करायचा ठरवला. फार काही नसतं त्यात. भिंतीला देतात तो साधा, पाण्यात मिसळणारा रंग घ्यायचा, खडूची बारीक पूड पाण्यात कालवून त्यात घालायची आणि ढवळायचं. सुकल्यावर लाकडावरची ती चकाकी जाते आणि छान मऊसर दिसतं. मुख्य म्हणजे जुनं पॉलिश खरवडत बसावं लागत नाही. माझ्यासारख्या उतावळ्या बाईला आणखी काय हवं!

कपाट आमच्याच बिल्डिंगमधल्या एका जोडप्याचं. ते आमचा हा के. आर. पुरमचा भाग सोडून परदेशी निघाले आणि जाताना ते आमच्या गळ्यात पडलं. भरभक्कम, पण काळपट तपकिरी. त्याच्यामुळे ती खोली भर दुपारीसुद्धा अंधारी वाटायची.

बाबा गेल्यावर आई पुण्याहून माझ्याकडे आली होती. आली म्हणजे, मी तिला आणली. पण ती राहायची पाहुण्यासारखी. चहा विचारून करायची, पंखा विचारून लावायची. रविवारी भावाचा पुण्याहून फोन आला की हळूच म्हणायची, "मग माझं तिकीट कधीचं बघतोयस?" तिथला तिसरा मजला, लिफ्ट नाही, हिचं बीपी, भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि घरात ही एकटी. तिनं इथंच राहावं, एवढंच मला हवं होतं. पण तसं म्हटलं की ती "बघू" म्हणायची, आणि आईचं "बघू" म्हणजे काय ते आम्हा भावंडांना लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून मी कपाटाच्या मागे लागले. खोली आपली वाटली तर राहीलही, असं आपलं मला वाटत होतं.

रंग आणला, राखाडी. फोनवर बघितलेल्या सगळ्या फोटोंत तोच होता. खडूची पूड मात्र काही मिळेना. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला जाईन तेव्हा "नाळे बन्नी", म्हणजे उद्या या, एवढंच म्हणायचा. शनिवारी सकाळी माझा धीर संपला. आई शेजारच्या अक्कांबरोबर खाली फिरायला गेली होती. तिचा रांगोळीचा डबा दारामागेच असतो. म्हटलं, रांगोळी म्हणजे तरी काय, दगडाचीच पूड, खडूची सख्खी बहीणच की! अर्धा डबा ओतून घेतला, चाळणीनं चाळला, पाण्यात कालवला आणि रंगात घातला. जरा गुठळ्या झाल्या, पण मी कुठली ऐकतेय. आई परत येईपर्यंत पहिला हात देऊन मोकळी.

"हा काय मेला राखेचा रंग!" आई दारातूनच म्हणाली. मग लगेच स्वतःला सावरून, "नाही, छान आहे हो. तुझं घर, तुला आवडेल तो लाव." ते 'तुझं घर' मला चांगलंच लागलं.

रविवारी सकाळी तिच्या खोलीत गेले तर कपाट हलतंय! नीट बघितलं तर मुंग्या. खिडकीतून निघून भिंतीवरून खाली आणि तिथून कपाटाच्या दारावर, नुसती जत्रा. मी फडक्यानं एकीकडून पुसावं तर त्या दुसरीकडून वर. "अगं आई गं!" म्हणून मी ओरडले, तशी आई आंघोळीहून धावत आली.

"रंगात काय घातलंस?"

"काही नाही गं, तुझ्या डब्यातली रांगोळी."

आई पलंगावर बसली आणि जी हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी, हातानं पोट धरलेलं. झालं होतं असं, की शेजारच्या अक्का मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूच्या. त्यांची मराठी अर्धी कानडी. त्यांनी आईला सांगितलेलं, "नुसता दगड काय घालताय दारात? स्वल्प तांदळाचं पीठ घाला की. मुंग्यांनी पण खाऊन जायला पायजे." आईला ते इतकं पटलं की तिच्या डब्यात रांगोळी कमी आणि पीठच जास्त. मी पक्की पुण्याची, रांगोळीत पीठ असेल हे माझ्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

बाबा गेल्यापासून तिचं ते हसू मी ऐकलं नव्हतं. मुंग्या माझ्या हातावर चढत होत्या आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

हसणं ओसरलं तशी ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "ठेव तो ब्रश. आता कशाला हात लावू नकोस." मग तिचा कारभार सुरू झाला. ओल्या फडक्यानं आणि जुन्या उलथन्यानं तिनं सगळा रंग खरवडून काढला. मला स्टेशनरीच्या दुकानात पिटाळून फळ्यावरच्या खडूंची खोकी आणवली आणि खलबत्त्यात ते कुटून अगदी वस्त्रगाळ पूड केली. रंगही बदलून आणायला लावला, फिकट पिस्त्याचा. अक्का फिल्टर कॉफी घेऊन आल्या, कपाट बघून "सरी, सरी", म्हणजे ठीक, ठीक, म्हणाल्या आणि गालातल्या गालात हसत गेल्या. 'आई, तू बस, तुझी कंबर दुखेल,' हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. कसं कोण जाणे, पण मी ते गिळलं.

संध्याकाळी ती दुसरा हात देत होती, मी दार धरून उभी होते, तेवढ्यात भावाचा फोन आला. तिचे हात रंगानं भरलेले म्हणून मी स्पीकरवर लावला.

"आई, पुढच्या आठवड्यातलं तिकीट मिळतंय. काढू ना?"

आईनं ब्रशसुद्धा थांबवला नाही.

"कसलं तिकीट काढतोस! अरे, तुझी बहीण इथं कपाटावर धिरडं घालून बसली होती. हिला एकटीला टाकून येऊ तरी कशी?"

ऑफिसात माझ्या हाताखाली अख्खी टीम आहे. घर, कर्ज, नवरा, मुलं, सगळं मी सांभाळते, आणि हे त्या दोघांनाही माहीत आहे.

"खरंच ताई," भाऊ हसत म्हणाला, "तुला एवढंही जमत नाही?"

"नाही रे," मी म्हणाले. "अजिबात जमत नाही."